भुयारातली लूट

सोनारी म्हटले की काळभैरवनाथ आणि परंडा म्हटले की किल्ला, हे आमच्या तालुक्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. किल्ल्यात भुयार असणार, भुयारात धन असणार आणि त्या धनावर कोणीतरी भयंकर बसलेले असणार, ही समजूत मात्र कोणाला शिकवावी लागत नाही. याच समजुतीवर एक खेळ उभा आहे, आणि तो आज तळहातावरच्या यंत्रात मावतो. घरी दहा-बारा वर्षांचे मूल असलेल्या वाचकांना त्या यंत्राची ओळख करून द्यायला नको. दिवाळीच्या सुटीत तर ते फराळाच्या ताटाशेजारीही असते!

या खेळाचे मूळ कागदावरचे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून काढला. एकाने भुयार कल्पायचे, बाकीच्यांनी त्यात उतरायचे; जगणे-मरणे फाशांच्या हाती. आपल्याला यात नवल वाटू नये. मोक्षपटावर आपले पूर्वज सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप मांडीतच होते, आणि परंपरा त्या पटाचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. तिथे वर चढायचे असे. इथे खाली उतरायचे.

1980 च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी हे भुयार संगणकात आणले. खेळाचे नाव ‘रोग’. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा. मराठी वाचकाने दुसरा घेतला तर निदान आयांची हरकत नसावी. त्यात चित्र असे नव्हतेच. नायक म्हणजे एक चिन्ह, राक्षस म्हणजे रोमन लिपीतली मोठी अक्षरे. भुयार दर खेपेस नवे. सव्विसाव्या मजल्यावरून एक ताईत घेऊन परतायचे, आणि वाटेत मेला तो मेला. जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडला की तो साठ्यातून पुसला जाई, म्हणजे मागे फिरून चूक सुधारण्याची सोय नाही. माझ्या मते या साऱ्या वंशावळीत हाच खेळ अस्सल. अक्षराला भ्यायचे म्हणजे जिवाची किंमत तशीच असावी लागते.

पुढे डेव्हिड ब्रेव्हिक याने ‘डायाब्लो’ रचला. तोही आधी बुद्धिबळासारखा होता, तुझी खेळी मग माझी. सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव त्याने एका दुपारी ही पाळी काढून टाकली, आणि राक्षस वाट न पाहता अंगावर येऊ लागले. 1996 च्या अखेरीस तो बाहेर पडला. गावच्या देवळाखाली सोळा मजले. मारा, लुटा, बळ वाढवा, आणखी खाली जा.

हातातल्या यंत्राचे श्रेय जपानच्या गुन्पेई योकोई यांचे. 1989 च्या ‘गेम बॉय’मध्ये त्यांनी मुद्दाम जुने, स्वस्त तंत्र वापरले. पडदा हिरवट, रंग नाहीत. पण चार सेलांवर ते कित्येक तास चाले. 2018 साली ‘डायाब्लो’चा तिसरा भागही अशाच हातयंत्रावर आला. आता मात्र मेलेला नायक बहुधा क्षणात उठून बसतो.

रिकाम्या हाताने आरंभ करून पायरीपायरीने बलाढ्य होणारा हा नायक परंड्याला प्रत्यक्ष नांदून गेला आहे. मलिक अंबर हबशी मुलुखातला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा त्याने मूर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि परंडा राजधानी झाली. या भुयारात पुन्हा उठून बसण्याची सोय नव्हती. अंबर 1626 साली वारला. पुढल्या दहा वर्षांत निजामशाही बुडाली. अहमदनगरला 1549 साली ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती, ती 1632 मध्ये आदिलशाहीने विजापूरला ओढून नेली.

यंदा अंगणात परंड्याचा किल्ला करणाऱ्या मुलांनी त्या तोफेची जागा मोकळी ठेवावी. ती अजून विजापूरच्या बुरुजावरच आहे.