वऱ्हाडांतील गृहसुगंधाचीं साधनें

सुगंधाचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजवाड्यांच्या अनुरोधानें लिहिला गेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या मानसोल्लासांत धूपभोगाचें प्रकरण आहे. परंतु कस्तुरी, कृष्णागरु, कापूर हीं दूरदेशींचीं मोलाचीं द्रव्यें सामान्य गृहस्थास परवडणारीं नव्हतीं. मग त्याचें घर कशानें दरवळत होतें?

उत्तर कोश-निघंटूंतील साध्या नांवांत आहे. उशीर म्हणजे वाळा, दमनक म्हणजे दवणा, मरुबक म्हणजे मरवा, मुस्ता म्हणजे नागरमोथा, वचा म्हणजे वेखंड. हीं परसांत, मळ्यांत वा पाणथळीं होणारीं व वाळवून वर्षभर पुरणारीं. वाळ्याचा गंध त्याच्या मुळांत असतो व पाण्याचा शिपका मिळतांच जागा होतो. म्हणून वऱ्हाडच्या वैशाखांत दारास वाळ्याचा पडदा व माठांत वाळ्याची जुडी. दवण्यास तर धर्मशास्त्राचाही आधार आहे. कमलाकरभट्टानें १६१२ सालीं पूर्ण केलेल्या निर्णयसिंधूंत चैत्रांतील दमनारोपणाचा विचार आला आहे. देवावरचा हा दवणा सुकल्यावर कपड्यांच्या पेटींत जाई. निर्माल्याचा असा उपयोग गृहिणींनीं ठरविला, ग्रंथकारांनीं नव्हे.

मराठींतही या विद्येची परंपरा होती. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास गंगाधराचा गंधसार व मराठी टीकेसह असलेला गंधवाद प्रकाशांत आणले. पुढें १९८९ सालीं ते बडोद्याहून छापले गेले. एका पोथीमुळें एवढें कळलें. तर घरोघरच्या फुटकळ टिपणांतून किती कळेल!

याच कारणास्तव संग्राहकांस आमची एक विनंती आहे. अकोल्याच्या जठारपेठेंत आम्हांस जीं जुनीं बासनें पहावयास मिळालीं, त्यांपैकीं कांहींत वेखंडाचे तुकडे व सुकीं पानें होतीं. कसर लागूं नये म्हणून ठेवलेलीं हीं द्रव्यें पोथी झाडतांना केर म्हणून टाकलीं जातात. तीं टाकूं नयेत. कागदाच्या पुडींत घालून, कोणत्या बासनांत व कोणत्या पत्रांमध्यें सांपडलीं याची नोंद करावी, आणि धूपाचें प्रमाण लिहिलेला चिठोराही पोथीबरोबरच जपावा. राजांच्या धूपाची साक्ष ग्रंथ देतात. गृहस्थाच्या घरची साक्ष या वाळलेल्या काड्यांखेरीज फारसें कोणी देणार नाहीं.