प्रकाशजन्य अवस्थांतर

अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या लेसर स्पंदांनी पदार्थातील इलेक्ट्रॉनांची मांडणी पालटवून त्याचे गुणधर्म बदलण्याची प्रक्रिया. विद्युत निरोधकाचा धातू होणे हे तिचे ठळक उदाहरण. हे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग.

क्वांटम पदार्थांतील इलेक्ट्रॉन एकमेकांशी आणि स्फटिकातील अणूंशी घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे तापमान जरा बदलले तरी अख्खा समूह कूस बदलू शकतो. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८° से.ला निरोधकाचा धातू होतो, हे बेल प्रयोगशाळेतील एफ. जे. मॉरिन यांनी १९५९ मध्ये दाखवले. उष्णतेने इलेक्ट्रॉन आणि अणू बरोबरीने तापतात. स्पंद मात्र आधी इलेक्ट्रॉनांना किंवा अणूंच्या एखाद्या ठरावीक कंपनालाच चेतवतो. पदार्थाचा समतोल पुन्हा साधेपर्यंत त्याला वेगळी वाट मोकळी असते. क्ष-किरण लेसरने घेतलेल्या २०१८ च्या नोंदींत याच संयुगातले जोडीने बसलेले व्हॅनेडियम अणू शिस्तीत सरकताना दिसले नाहीत. सुमारे १५० फेम्टोसेकंदांत ते विस्कटले.

इतक्या जलद घटना पाहायला प्रकाशच वापरतात. पहिला स्पंद पदार्थाला चेतवतो, मागून येणारा क्षीण स्पंद त्याची स्थिती टिपतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा १५ मायक्रोमीटर मागे घेतला, की जाऊन-येऊन वाट ३० मायक्रोमीटरने वाढते आणि तो १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो.

उष्णतेने गाठताच येत नाही अशी अवस्था टँटलम डायसल्फाइडात सापडली. थंडीत त्याचे टँटलम अणू तेरा-तेराच्या षट्कोनी ताऱ्यांत गोळा होतात आणि पदार्थ निरोधक बनतो. ल्युब्लियाना येथील योझेफ स्तेफान संस्थेच्या गटाने त्यावर ३५ फेम्टोसेकंदांचा एकच स्पंद सोडला. रोध सुमारे हजारपटीने घसरला आणि, विशेष म्हणजे, स्पंद सरल्यावरही तसाच राहिला. तापवून किंवा दुसऱ्या प्रकारचे स्पंद देऊन ही अवस्था पुसता येते. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लिहिणे, टिकणे, पुसणे हे तिन्ही साधत असल्याने वेगवान स्मृतिसाधनांसाठी या पदार्थाचा अभ्यास होतो.

अतिसंवाहकतेच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही. पोटॅशियमयुक्त फुलरीन एरवी २० केल्विनखाली अतिसंवाहक असते. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील आंद्रेआ कावालेरी यांच्या गटाने अवरक्त स्पंदांनी त्याचे रेणू कंपित केले, तेव्हा अतिसंवाहकतेची प्रकाशीय लक्षणे १०० केल्विनपर्यंत दिसल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. लक्षणे दिसली म्हणजे अतिसंवाहकताच आहे का, यावर मतभेद आहेत. चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटणे ही अतिसंवाहकतेची अधिक कडक कसोटी. याच गटाने २०२४ मध्ये यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडात, स्पंदानंतर पिकोसेकंदांच्या अवधीत, असे क्षेत्र बाहेर लोटले गेल्याचे मोजले.