वस्ती, मिळकत आणि बालमन : एका प्रश्नाचा इतिहास

दरिद्री वस्त्यांतील मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण अधिक असते, याविषयी अभ्यासकांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु या विकारांचे मूळ वस्तीत शोधावयाचे की घरच्या मिळकतीत, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत राहिला. त्याची उकल कोणत्या मार्गाने होत गेली, हे अमेरिकेतील काही अभ्यासांच्या आधारे पाहणे हा या टिपणाचा हेतू आहे.

फॅरिस व डनहॅम यांनी १९३९ मध्ये शिकागोतील मनोरुग्णांची निवासस्थाने नकाशावर मांडली, तेव्हा छिन्नमनस्कतेचे प्रमाण नगराच्या मध्यभागी सर्वाधिक आणि बाहेरच्या बाजूस उत्तरोत्तर कमी होत गेलेले दिसले. शॉ व मकाय यांनी १९४२ मध्ये बालगुन्हेगारीविषयी तसेच दाखवून दिले. जर्मन व आयरिश कुटुंबे गेली, त्यांच्या जागी इटालियन व पोलिश आली. रहिवासी बदलले, पण बालगुन्हेगारीचे आधिक्य त्याच वस्त्यांत टिकून राहिले. दोष वंशाचा नव्हे, एवढे यावरून सूचित झाले. तो वस्तीचा की दारिद्र्याचा, हे मात्र नकाशा सांगू शकत नव्हता; कारण जेथे भाडे कमी, तेथेच गरिबास राहावे लागते. शिवाय वस्तीच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे सदोष ठरते, हे रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखविले.

ही दोन कारणे वेगळी करण्याची संधी १९९० नंतरच्या दशकात आली. १९९४ ते १९९८ या काळात पाच महानगरांतील सरकारी चाळींमधून ४,६०४ कुटुंबे निवडून, सोडतीने त्यांपैकी काहींना अन्यत्र राहण्यासाठी भाड्याचे साहाय्य देण्यात आले. वस्ती बदलली, मिळकतीत मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. मुलींत, विशेषतः कोठेही घर घेण्याची मुभा असलेल्या गटात, विषण्णता कमी आढळली. उलट, कमी दारिद्र्याच्या वस्तीतच घर घेण्याची अट असलेल्या गटातील मुलग्यांत ती वाढली.

याउलट प्रकार नॉर्थ कॅरोलिना राज्यात घडला. तेथील १,४२० मुलांची पाहणी १९९३ मध्ये सुरू झाली होती. १९९६ पासून चेरोकी जमातीच्या द्यूतगृहाच्या उत्पन्नाचा वाटा जमातीच्या कुटुंबांस विनाअट मिळू लागला. येथे घर तेच, परिसर तोच. बदलली ती मिळकत. दारिद्र्यातून वर आलेल्या कुटुंबांतील मुलांचे वर्तनदोष, मुळात गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत उतरले. चिंता व विषण्णता यांवर मात्र विशेष परिणाम झाला नाही. आईबापांना मुलांकडे लक्ष देणे शक्य झाले, हे या सुधारणेचे एक प्रमुख कारण कॉस्टेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नमूद केले.

पाच महानगरे आणि एक डोंगराळ ग्रामीण प्रदेश यांची तुलना जपूनच करावयास हवी. तथापि एवढे म्हणता येईल, की ‘दारिद्र्य’ हे एकच एक कारण नव्हे. पैसा घरातील देखरेखीच्या वाटेने मुलापर्यंत पोहोचतो, तर स्थलांतराचा परिणाम मुलगा व मुलगी यांवर सारखा होत नाही. म्हणून केवळ घर बदलून अथवा केवळ पैसा देऊन सर्व विकार दूर होतील, ही अपेक्षा इतिहासास धरून नाही. आणि सारा दोष आईबापांच्या माथी मारणे तर त्याहूनही नाही.