नानकटाई, मोहन आणि सोवळे

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या पिंपळगाव राजात एक दृश्य हमखास दिसे. खामगाव तालुक्यातील हे गाव. ज्वारी, कापूस आणि तुरीचे. घरोघरी चिवड्याचे पोहे उन्हात पडलेले, आणि भट्टीवाल्या चाचांच्या दारात डबे घेऊन बसलेल्या बायकापोरांची रांग. डब्यात घरचा मैदा, घरचा रवा, दळलेली साखर आणि डालडा किंवा ऐपत असेल तर तूप. चाचा ते सारे परातीत घेत, तूप तळहाताने पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसत, गोळे वळून पत्र्यावर मांडत आणि लांब दांड्याच्या फावड्याने पत्रा भट्टीत सारीत. तासाभराने डबा परत मिळे, तो ऊन नानकटाईचा. लक्ष्मीपूजनाच्या फराळात लाडू-करंजीच्या शेजारी ती निमूट जागा घेई.

त्या वयात या दृश्यात आम्हाला काही विशेष वाटले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य वाचताना आणि शिकवताना मात्र एक प्रश्न छळू लागला. ज्या समाजात पावाच्या तुकड्याने माणूस बाटत असे, एका चहा-बिस्किटावरून पुण्यात वर्षानुवर्षे वाद पेटला, त्याच समाजाच्या सणाच्या ताटात मुसलमान भट्टीवाल्याच्या हातची नानकटाई आली कशी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी आरंभी जरा दूर, स्पेनपर्यंत जावे लागेल.

स्पेनच्या दक्षिणेस, सेव्हिल प्रांतात एस्तेपा नावाचे गाव आहे. नाताळच्या सुमारास तेथे ‘मांतेकादो’ आणि ‘पोल्व्होरोन’ या खुसखुशीत वड्या मोठ्या प्रमाणावर होतात. पीठ, साखर, चरबी आणि बदाम एवढेच त्यांचे साहित्य. पोल्व्होरोनसाठी पीठ आधी कोरडेच भाजून घेतात, बदामही भाजून कुटतात. ‘पोल्व्हो’ म्हणजे धूळ, भुकटी. वडी इतकी ठिसूळ असते की कागदात गुंडाळलेली असतानाच ती मुठीत दाबून घट्ट करायची आणि मग कागद सोडायचा, अशी खाण्याची रीत आहे. मांतेकादो हे नाव ‘मांतेका’ या चरबीवाचक शब्दावरून आले, आणि ही चरबी डुकराची.

आता स्पेनचा इतिहास आठवावा. इ. स. ७११ पासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत या भूमीच्या कमीअधिक भागावर मुसलमानी सत्ता होती. बदाम आणि साखर यांची मिठाई ही त्या काळाची देणगी मानली जाते. अरब जगात आजही ‘घुरैबा’ नावाचा एक पदार्थ होतो : पीठ, साखर, कढवलेले तूप आणि माथ्यावर एक बदाम. ग्रानादा पडल्यानंतरच्या स्पेनमध्ये ज्यू आणि मुसलमान यांना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून निवड करावी लागली. धर्मांतरितांवर इन्क्विझिशनची नजर असे, आणि कोण डुकराचे मांस टाळतो हे संशयाचे एक कारण होते. मिठाईत डुकराची चरबी आली ती याच परीक्षेसाठी, असे स्पेनमध्ये सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, स्वयंपाकघरातील स्निग्ध पदार्थावरून माणसाचा धर्म ओळखला जात होता, हे निश्चित.

घुरैब्याचे वर्णन वाचताना मराठी वाचकास नानकटाई आठवली नसेल तर नवल. ‘नान’ हा फारसी शब्द, रोटी या अर्थाचा. ‘खटाई’ची व्युत्पत्ती वादग्रस्त असून चीनच्या जुन्या ‘खता’ या नावाशी ती अनेकदा जोडली जाते. सुरतेच्या डच वखारीतील भट्टी एका पारशी कारागिराकडे आली आणि तेथून नानकटाई निघाली, अशीही एक कथा लोकप्रिय आहे. आम्हास वाटते, एका बेकरीत एका माणसाने शोधलेला हा पदार्थ नसावा. शब्द फारसी, घडण घुरैब्यासारखी. सुरतेसारख्या बंदरात असे पदार्थ गलबतांतून येत-जात असणारच. पश्चिमेकडील शाखेत चरबी आली, आपल्याकडे तूप राहिले.

चरबी असो की तूप, काम एकच. पिठाच्या कणांवर स्निग्धतेचे आवरण चढले की त्यांना चिवट तार धरता येत नाही, म्हणून पदार्थ तुटत नाही, विरघळतो. मराठीत या क्रियेला ‘मोहन घालणे’ असा सुरेख शब्द आहे. पिठाची मूठ वळली की मोहन पुरे झाले, ही खूण आमच्या आज्यांना ठाऊक होती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मोहनाच्या या गोळ्यात पाण्याचा थेंब पडत नाही.

पावाचे तसे नाही. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कथेतील तथ्य किती हा प्रश्न वेगळा. तिच्यातील भीती खरी होती. ही भीती हेच हत्यार करणारेही निघाले. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. दादोबा पांडुरंग तर्खडकर या मंडळाच्या प्रमुखांत होते. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजींचाही त्याच्याशी संबंध आला होता. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि ती विस्कटली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या सुशिक्षितांना पावाचा घास अंधारात गिळावा लागला.

पंचहौद मिशनचे प्रकरण त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० चे. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. न्या. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखे लोक तेथे होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेल्याला हात लावला. मग हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि ‘ग्रामण्य’ उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रान्यड्यांनी मित्रांची अडचण पाहून ते पत्करले. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींत या प्रसंगाची घरात उमटलेली सल वाचावयास मिळते. विद्यार्थ्यांनी ते प्रकरण अवश्य वाचावे.

मग नानकटाई सुटली कशी? आमच्या मते याचे उत्तर त्या कोरड्या गोळ्यात आहे. जुन्या आचारधर्मात पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळे. तुपातले, भाजलेले, कोरडे अन्न त्या मानाने निर्धोक समजले जाई. पावात पाणी असते, गोव्याकडे तर तो आंबवायला ताडीही वापरीत. नानकटाईत पाणी नाही, आंबवण नाही. शिवाय साहित्य घरचे. भट्टीवाल्याची केवळ आग आणि हात. म्हणजे ज्या डब्याकडे आम्ही आज सलोख्याची खूण म्हणून पाहतो, तो एका अर्थी सोवळ्याने शोधलेली पळवाट होता. हे मान्य केले पाहिजे. गतकाळाचे नुसते गोडवे गाण्यात हशील नाही. पण पळवाटेनेही रस्ता तयार होतो. रांगेत बसलेली मुले चाचांना तूप फेसताना पाहत मोठी झाली आणि त्या हातांविषयी त्यांच्या मनात किंतु राहिला नाही.

१९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याने नानकटाई गरिबाच्या घरी नेली. त्याच वनस्पती तुपातील घातक मेदाम्लांवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. आता मधुमेहाच्या धास्तीने पिष्ट कमी असलेली नानकटाई घरोघरी करून पाहतात. ज्वारी-नाचणीची म्हणून जी विकतात ती पौष्टिक असेल, पण तिच्यात पिष्ट मैद्याहून फारसे कमी नसते. खरा फरक पडतो तो पीठच बदलले तर. शंभर ग्रॅम मैद्यात सुमारे पंच्याहत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. बदामात वीसेक, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक तंतू. बदामाचे स्वतःचे तेल असल्याने तूप कमी लागते. मात्र बांधणारे काही नसल्याने गोळा पसरतो, म्हणून तो थंड करून मंद आचेवर भाजावा आणि निवेपर्यंत हात लावू नये. एस्तेपात बदाम वडीच्या पोटात असतो, आमच्याकडे तो माथ्यावरचा काप, क्वचित त्याजागी चारोळी. वऱ्हाडात बदाम पिकत नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटातही कर्बोदके कमीच. बदाम न परवडणाऱ्याने त्याची करून पाहावी.

आज घरोघरी ओव्हन आले, पाकिटे आली, आणि भट्टीपुढची रांग आखूड झाली. त्याचे आम्हास फारसे दुःख नाही, सोयी बदलतातच. अस्वस्थ करते ते दुसरेच. भट्टी कोणाची, हात कोणाचे, हा प्रश्न अलीकडे पुन्हा मोठ्याने विचारला जाऊ लागला आहे. परमहंस सभेने जो पाव लपून खाल्ला, रानड्यांना ज्या चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या आजीला विचारावे, दिवाळीची नानकटाई कोठून भाजून आणीत होतात. पिंपळगाव राजातल्या कितीतरी आज्या चाचांच्या भट्टीचे नाव घेतील आणि तूप कसे फेसायचे तेही सांगतील.