अभ्यासिकेतल्या मुली आणि कपाटातला इतिहास

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि 8 मार्चला महिला दिन आला, की वाचनालयांत ग्रंथप्रदर्शन मांडतात, व्याख्यान ठेवतात, मुलींना ध्येय गाठण्याची उमेद देतात. हे सारे हवेच. पण नांदेड-लातूरच्या वाचनालयांनी इथल्या बायकांचा इतिहास साजरा करण्याआधी जमवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, कारण तो कागदावर फारसा उतरलेलाच नाही. हा भाग पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि तिथला कारभार उर्दूतून चाले. 1918 साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. अशा काळात मराठी वाचनालय चालवणे म्हणजे भाषा जगवणे होते, आणि सभांवर बंधने असताना लोकांनी एकत्र जमण्याचे ते एक ठिकाणही होते. या परंपरेचा अभिमान वाटतो; मात्र ती वाचता येणाऱ्यांची परंपरा होती. 1951 च्या जनगणनेत देशभरात स्त्री-साक्षरता 9 टक्क्यांच्या आत होती, आणि हैदराबाद राज्य शिक्षणात मागेच होते. त्यामुळे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहिल्या त्या बहुतेक पुरुषांनी. या लढ्यात उतरलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव तरी पुस्तकांत आले. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धास्तीने लेकरे घेऊन गाव सोडणाऱ्या असंख्य जणी एखाद्या ओळीत उरकल्या गेल्या.

हा इतिहास आता तोंडी आठवणींतूनच जमवावा लागेल. यावर कुणी म्हणेल, सांगोवांगीला इतिहास कसे म्हणायचे? आठवण चुकते, हे खरेच. पण म्हणून ती टाकून द्यायची नसते, दुसऱ्या आठवणीशी आणि कागदाशी ताडून पाहायची असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली उभे केले. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून टिपल्या गेल्या. दोन्ही कामे सांगणारीच्या तोंडून सुरू झाली.

लातूरला तर फार मागे जायचेही कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. मागाहून घरांची दुरुस्ती आणि बांधणी सुरू झाली, तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका गावोगाव ‘संवाद सहायक’ झाल्या. मदत कशी मिळते, भूकंपाला टिकणारे बांधकाम कसे करायचे, गवंड्याच्या कामात काय तपासायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. 2001 साली कच्छ भूकंपाने हादरले, तेव्हा इथल्या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. आपत्तीतून उठलेल्यांनी दुसऱ्यांना उभे राहायला शिकवले, ही मला या भागाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. ती अहवालांत आहे; पण किल्लारीच्या मुलीला ती गावच्या वाचनालयात, मराठीत, हाताशी मिळाली पाहिजे.

खरा आक्षेप वेगळाच आहे. मुली वाचनालयात येतात त्या अभ्यासिकेसाठी; कुणाची ‘नीट’, कुणाची एमपीएससी, कुणाची पोलीस भरती. त्यांना शांत जागा, दिवे आणि पुस्तके द्या, इतिहास कशाला? जागा आणि पुस्तके आधी द्यावीत, यात वाद नाही. 2011 साली नांदेड जिल्ह्यात स्त्री-साक्षरता 66 टक्क्यांच्या आसपासच होती. तिथे बसायला मिळालेली खुर्चीही मोलाची. पण फक्त परीक्षेपुरते बांधलेले ध्येय एका निकालाने कोसळते. आपल्याच तालुक्यातली, फारशी न शिकलेली बाई हिशेब, बांधकाम आणि सरकारी कारभार शिकून परराज्यात शिकवायला गेली, हे ठाऊक असलेली मुलगी पुढच्या वाटांचा विचार अधिक मोकळेपणी करू शकते. सावित्रीबाईंचे मोठेपण यात उणे होत नाही; त्यांच्या शेजारी ओळखीच्या आडनावाची एक बाई येऊन बसते, एवढेच.

राहिला पैशांचा प्रश्न. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानावर तग धरणाऱ्या लहान वाचनालयांची ओढाताण मोठी असते. तरी आवाज टिपायला आज मोबाइल पुरतो. अवघड आहे ती भाषा. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, कितीतरी घरांत दखनी. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला या साऱ्या भाषा येणार नाहीत. अभ्यासिकेत बसलेल्या मुलींपैकी कुणाला ना कुणाला त्या घरूनच येतात, आणि ज्यांच्याकडून ऐकायचे त्या आज्याही त्यांच्याच घरात आहेत.