मीठ, उपवास आणि नाडीचा वेग

दांडी हें नांव उच्चारतांच डोळ्यांपुढें उभा राहतो तो गुजरातचा समुद्रकिनारा आणि १९३० सालचा एप्रिल महिना. परंतु दांडी नांवाचें एक गांव महाराष्ट्रांतहि आहे. पालघर तालुक्यांत, बोईसर-तारापूरच्या परिसरांत, उच्छेळी, नवापूर, नांदगांव या गांवांच्या शेजाराला तें वसलेलें आहे. खाडी, होड्या, वाळत घातलेली मासळी आणि खारा वारा हें त्याचें रूप. इतिहासांतली दांडी ती ही नव्हे. तरी खारवलेल्या मासळीच्या या किनाऱ्यावर मिठाची किंमत कोणी कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं. आजाऱ्याला भाताची पेज द्यावयाची तर तींत मिठाची चिमूट पडलीच पाहिजे, हें कोंकणपट्टींतल्या कोणत्याहि आजीबाईला ठाऊक असतें.

त्याच किनाऱ्यामागच्या कारखान्यांच्या वस्तींत, तसेंच मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत, अलीकडे एक नवा आहार शिरला आहे. त्याचें नांव कीटोजेनिक, बोलण्यांत नुसतें ‘कीटो’. भात, भाकरी, पोळी, साखर, बटाटा हें सर्व वर्ज्य. तूप, लोणी, अंडीं, मासळी, पनीर यांवर निर्वाह. पिष्टमय पदार्थांची मर्यादा दिवसाला सुमारें २० ते ५० ग्रॅम. दोन वाट्या भात खाल्ला तर ती ओलांडली जाते. मधुमेह, स्थूलता किंवा दुसरें एखादें जुनें दुखणें जडलेलीं माणसें मोठ्या आशेनें हा मार्ग धरतात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव येतो. जिना चढतांना छाती धडधडूं लागते. अंथरुणांतून उठून उभें राहावें तों नाडी धावूं लागते. रात्रीं निजल्यावर कानाशीं हृदयाचे ठोके ऐकूं येतात. मग घाबरून कोणी आहार सोडतो, तर कोणी मनाचा हिय्या करून तसाच रेटतो. कारण मात्र दोघांनाहि माहीत नसतें. तें कारण बहुतांशीं मिठांत आहे, आणि त्याचा इतिहास या आहाराहून जुना आहे.

उपवासाचा विषय महाराष्ट्राला नवा नाहीं. पण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि रताळीं यांवर होणारा आपला उपवास शरीरशास्त्राच्या दृष्टीनें उपवास नव्हेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कांहीं उगीच पडलेली नाहीं. खरा निराहार चालू झाला म्हणजे काय होतें? यकृतांत सुमारें १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारें ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपानें साठविलेली असते. हा सांठा एक-दोन दिवसांत बराचसा उतरतो. मग शरीर चरबी जाळूं लागतें, आणि यकृतांत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. मेंदूला साखरेच्या जागीं तींच बहुतांशीं चालतात. असिटोन हें त्यांपैकींच एक. उपवास करणाऱ्याच्या श्वासाला येणारा फळांसारखा वास तो त्याचाच.

उपवासाचा हा गुण औषधासाठीं वापरण्याची कल्पना पॅरिसमधील ग्वेल्पा आणि मारी या डॉक्टरांनीं १९११ सालीं पुढें मांडली. अपस्माराच्या रोग्यांना उपाशी ठेवल्यास झटके कमी होतात असें त्यांना आढळलें. पण रोग्याला जन्मभर उपाशी ठेवतां येत नाहीं. १९२१ सालीं अमेरिकेंतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनीं तोड सुचविली, ती अशी कीं, अन्न द्यावें पण तें जवळजवळ सारें स्निग्ध द्यावें, म्हणजे पोट भरलेलें असूनहि शरीर उपवासांतच राहील. ‘कीटोजेनिक’ हें नांव त्यांचेंच. पुढें १९३८ सालीं फेनिटॉइन हें औषध आल्यावर या आहाराची गरज कमी झाली आणि तो मागें पडला. १९९० नंतरच्या दशकांत तो मुलांच्या अपस्मारासाठीं पुन्हां वर आला, आणि तेथून वजन उतरविणाऱ्यांच्या हातीं गेला. औषध म्हणून देतांना डॉक्टर रक्तांतील क्षारांवर नजर ठेवीत, वजनकांट्यानें अन्न मोजीत. लोकांनीं आहार घेतला. नजर आणि कांटा मागेंच राहिला.

आतां मिठाकडे वळूं. जेवणांतली साखर व पिष्ट कमी झालें कीं रक्तांतील इन्शुलिनची पातळी उतरते. इन्शुलिन नुसतें साखरेचें कारभारी नव्हे. मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवावयास सांगणारेंहि तेंच आहे. तें उतरलें म्हणजे मूत्रपिंडें मीठ सोडूं लागतात आणि मिठामागून पाणी जातें. ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी साठलेलें असतें, तेंहि निघून जातें. पहिल्या आठवड्यांत वजन झपाट्यानें उतरल्याचा जो आनंद होतो, त्यांतला मोठा वांटा या पाण्याचा. एखाद्या लग्नांत जिलेबीचें ताट समोर येऊन व्रत मोडलें, कीं दोन दिवसांत तेंच पाणी वजनासह परत येतें! पण पाणी गेलें म्हणजे नसांतील रक्ताचें आकारमानहि कमी होतें. माणूस उभा राहिला कीं रक्त पायांकडे उतरतें, हृदयाकडे परतणारा ओघ रोडावतो, मानेतल्या मोठ्या धमन्यांतील मज्जातंतू दाब उतरल्याची वर्दी देतात, आणि हृदय ठोके वाढवून तूट भरून काढूं पाहतें. ही धडधड म्हणजे पुष्कळदां हृदयाचा रोग नव्हे. कमी रक्तांत काम भागविण्याची ती धडपड आहे.

केवळ अन्न तुटल्यानें नाडी वाढते असें मात्र नाहीं. १९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, महिनोन्‌महिने अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्यांची विसांव्याची नाडी वाढली नाहीं, उलट अतिशय मंद झाली. त्यांच्या जेवणांत बटाटे, पाव असें पिष्ट होतें. अर्थात् भूक ही एक गोष्ट, आणि मीठ-पाणी निसटणें ही निराळी.

गांधीजींच्या उपवासांकडे या दृष्टीनें पाहिलें तर एक लहानशी बाब नजरेंत भरते. १९२४ सालीं दिल्लीस २१ दिवसांचा उपवास आरंभितांना त्यांनीं पाण्यांत मीठ घेण्याची मोकळीक जाहीरपणें ठेविली होती. १९३२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत, २० ते २६ सप्टेंबरपर्यंतच्या उपवासांतहि मिठाचें वा सोड्याचें पाणी चालू होतें. दक्षिण आफ्रिकेंत ज्यानें जेवणांतलें मीठ वर्ज्य केलें, त्यानेंच उपवासांत तें जवळ केलें. आणि १९३० सालीं ज्या मिठासाठीं शेंकडों मैल पायपीट केली, तेंहि हेंच. मीठ मूत्रपिंडांतून कसें निसटतें याचा उलगडा डॉक्टरांनीं पुढें १९६० नंतर केला. अनुभवानें हाताशीं आलेली युक्ति मात्र त्याआधींची आहे.

त्या युक्तीची कसोटी पुण्यास लागली. १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजी आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं त्यांनीं २१ दिवसांचा उपवास सुरू केला. वय ७३ वर्षांचें, आणि रक्तदाबाचा विकार जुना. आपण नेहमीं क्षार घातलेलें पाणी घेतों, पण हल्लीं नुसतें पाणी शरीर स्वीकारीत नाहीं, म्हणून या वेळीं लिंबू-मोसंब्यांसारख्या फळांचा रस घालूं, असें त्यांनीं व्हाइसरॉयला आधींच कळविलें होतें. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर हे स्वतः कैदी असतांना तेथें आणले गेले, कलकत्त्याहून डॉ. बिधनचंद्र रॉय आले, डॉ. सुशीला नय्यर जवळ होत्याच. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मळमळ इतकी वाढली कीं पाण्याचा घोटहि पोटांत ठरेना. २१ फेब्रुवारीच्या सुमारास ग्लानि आली आणि नाडी जवळजवळ लागेनाशी झाली. देशभर धस्स झालें. मग मोसंबीचा रस पाण्यांत मिसळून देण्यांत आला, पाणी पोटांत राहूं लागलें, आणि प्रकृति हळूहळू सांवरली. मिठाचें असो वा रसाचें, पाणी आंत जात होतें तोंपर्यंत निभाव लागला. तें अडलें त्या दिवशीं अन्नाच्या अभावाहून पाण्याचा अभाव अधिक भयंकर ठरला.

पांच वर्षांनीं, जानेवारी १९४८ मध्यें, दिल्लीच्या उपवासांत तिसऱ्याच दिवशीं लघवींत असिटोन आढळलें आणि मूत्रपिंडांचें काम मंदावलें. तेव्हां प्यालेलें पाणी बाहेर पडेना व वजन उतरावयाचें थांबलें. म्हणजे पाणी कमी पडण्याचा धोका जसा, तसा तें अंगांत तुंबण्याचाहि. आणि जुन्या दुखण्याच्या माणसाला हा दुसरा धोका जवळचा असतो.

म्हणून कीटोवर नाडी वाढली कीं मूठभर मीठ फांका, हा जो सल्ला तोंडोतोंडीं फिरतो तो अर्धाच खरा आहे. धडधाकट माणसानें मिठाचें ताक किंवा मासळीचें पातळ कालवण घ्यावें, पाणी पुरेसें प्यावें. बहुधा कांहीं दिवसांत ठोके ताळ्यावर येतात. पोटॅशियम व मॅग्नेशियम हे क्षारहि अशा वेळीं कमी पडतात. पालेभाज्या आणि नारळ त्यांत उपयोगी. पण ज्याचीं मूत्रपिंडें अधू आहेत किंवा हृदय दुबळें आहे, त्याला तेंच मीठ व तेच क्षार घातक होतील. रक्तदाबावर लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहार आणि गोळी दोन्ही मिळून पाणी काढतात. तेथें मीठ वाढविण्याऐवजीं डॉक्टरांकडून गोळीचें मान ठरवून घेणें हाच मार्ग. इन्शुलिन घेणाऱ्यानें तें आपल्या मनानें कमी-जास्त करूं नये, आणि लघवीवाटे साखर घालविणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यानें हा आहार डॉक्टरांना विचारल्यावांचून धरूंच नये. अशा माणसाच्या रक्तांत, साखर फारशी वाढलेली नसतांनाहि, कीटोन आम्लें घातक प्रमाणांत साठूं शकतात. मळमळ, ओकारी व जलद श्वास ही त्याची खूण. पंडुरोग किंवा थायरॉइडचा अतिरेक यांनींहि नाडी धावते. आहार नुकताच बदलला म्हणून सारा दोष त्याच्या माथीं मारणें बरें नव्हे. विसांव्यांतहि नाडी मिनिटाला शंभरावर राहिली, ठोके वेडेवांकडे पडूं लागले, छातींत कळ आली किंवा घेरी येऊन माणूस पडला, तर ताकाचा पेला पुढें करीत बसूं नये. त्याला इस्पितळांत न्यावें.

३ मार्च १९४३ रोजीं सकाळीं आगाखान पॅलेसमधला उपवास सुटला. कस्तुरबांनीं पाणी घातलेला संत्र्याचा रस गांधीजींच्या हातीं दिला. दक्षिण आफ्रिकेंत आजारपणांत मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह पतीनें धरला तेव्हां, ‘तुम्हांला तरी सोडतां येईल का?’ अशा अर्थाचें उत्तर त्यांनींच दिलें होतें, आणि त्या उत्तरावरूनच गांधीजींनीं वर्षभर दोन्ही सोडलीं होतीं. कस्तुरबांचें हृदय पुढें फार दुबळें झालें. त्याच वास्तूंत, २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, त्या गेल्या.