कालव्यातला इतिहास

लॉस एंजेलिसची ‘ग्रेट वॉल’ मी माझ्या चित्रकलेच्या वर्गात आवर्जून दाखवतो. हे भित्तिचित्र आहे टुहंगा वॉशमध्ये, पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्यात. १९७६च्या उन्हाळ्यात चित्रकार ज्युडी बाका यांनी तिथे ८० मुलं उतरवली. बरीचशी पोलिसांच्या कचाट्यातून आलेली. सोबत चित्रकार होते आणि इतिहासकारही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९८३पर्यंत पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक तरुणांनी अर्धा मैल भिंत रंगवली. पाठ्यपुस्तकांनी गाळलेलं तिथे ठळक आहे: दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन, आणि चावेझ रविनमधल्या मेक्सिकन कुटुंबांच्या डोक्यावर उडत्या तबकडीसारखं उतरणारं डॉजर स्टेडियम. त्या वस्तीतली माणसं पोलिसांनी खरोखरच उचलून बाहेर काढली होती.